काठावरचे रिपोर्ट आणि रोजचं ताट : किती ग्रॅम, कशाऐवजी, किती दिवस?

काठावर_४५

आकडे असे आहेत : रक्तदाब १३४/८६, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ५.९ टक्के, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १४२. वजन ७८ किलो, उंची १६८ सेंमी. औषध कोणतंही चालू नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली आहे आणि चिठ्ठीवर लिहिलंय, "मीठ कमी, गोड कमी, तेलकट कमी, चौरस आहार."

अडचण 'कमी' या शब्दाची आहे. कमी म्हणजे किती ग्रॅम? घरात मोजायचं कसं? पाकिटावर कुठे सोडियम असतं, कुठे मीठ, कुठे 'प्रति सर्व्हिंग'. साखरेऐवजी मध चालतो का? तेल बदलायचं की कमी करायचं? आणि फरक पडतोय हे कळायला किती दिवस लागतात? सगळं एकदम करायचं म्हटलं तर आठवड्यात गाडी रुळावरून घसरणार हे उघड आहे, त्यामुळे सुरुवात कुठून करावी तेही सांगा. 'बाहेरचं खाऊ नका' छापाचे सल्ले नकोत, मापं हवीत.

मिठाला_जागणारा

मी मिठापुरतं लिहितो.

आधी लेबलचा घोळ. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. पाकिटावर ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठापेक्षा कमी, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियमच्या आत. चहाचा चमचा (५ मिली) बारीक मिठाने काठोकाठ भरून सुरीने सपाट केला तर सुमारे ६ ग्रॅम भरतो. म्हणजे अख्ख्या दिवसाला एक चमचासुद्धा नाही, आणि त्यात ब्रेड, चीज, सॉस, बिस्किटं यांतलं मीठही आलं. लोक नेमके इथेच चुकतात. ते भाजीतलं मीठ कमी करतात आणि पाकिटातलं हिशेबात धरतच नाहीत.

'प्रति सर्व्हिंग'चा रकाना वाचूच नका. सर्व्हिंग किती धरायचं हे बहुतेक वेळा कंपनीच ठरवते, आणि ते तुमच्या वाडग्यापेक्षा लहान असतं. फक्त १०० ग्रॅमचा रकाना बघा. ब्रिटनच्या लाल-पिवळ्या-हिरव्या खुणांची पद्धत सोपी आहे, कुठेही वापरता येते : १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम म्हणजे लाल, १२० किंवा त्याखाली म्हणजे हिरवं.

आता एका दिवसाचा हिशेब. पाकिटागणिक आकडे बदलतात, पण अंदाज यावा म्हणून :

ब्रेडच्या दोन स्लाइस : ३५० मिलिग्रॅम सोडियम
प्रोसेस्ड चीजची एक चकती : २७०
इन्स्टंट नूडल्सचं एक पाकीट, मसाल्यासकट : १५००
सोया सॉस, एक मोठा चमचा : ९००

बेरीज ३०२०. म्हणजे साडेसात ग्रॅम मीठ, आणि अजून मिठाच्या बरणीला हातही लागलेला नाही. यातला नूडल्सचा मसाला अर्धा टाकला आणि सोया सॉस मोठ्या चमच्याऐवजी चहाच्या चमच्याने घातला, तर साधारण १२०० ते १३०० मिलिग्रॅम सोडियम तिथेच वाचतं. मसाल्यात बहुतेक सगळं मीठ असतं, नूडल्सच्या वडीत त्या मानाने थोडं. म्हणून पाकिटबंद खाणं पूर्ण सोडता येत नसेल, तरी मसाला आणि सॉस यांवर कात्री चालवा. कष्ट कमी, फायदा जास्त.

घरातल्या स्वयंपाकासाठी बरणीची पद्धत. महिन्याच्या पहिल्या तारखेला मिठाची बरणी झाकणासकट वजनकाट्यावर ठेवा आणि वजन बरणीवरच लिहून ठेवा. महिनाभर घरात मीठ फक्त त्याच बरणीतून घ्यायचं. महिनाअखेर पुन्हा वजन. जो फरक येईल त्याला माणसं गुणिले दिवस यांनी भागा. तीन माणसं, ३० दिवस आणि १ किलो मीठ संपलं, तर १००० भागिले ९० म्हणजे माणशी ११ ग्रॅम. भाज्या उकडून ओतून दिलेल्या पाण्यातलं मीठ यातून वजा झालेलं नसतं, तेवढा आकडा फुगलेला असतो. पण बाहेरचं आणि पाकिटातलं मीठ यात धरलेलंच नाही. त्यामुळे घरचा आकडा माणशी ३ ग्रॅमच्या आसपास आला तरच एकूण ५ ची आशा धरता येते.

कमी करताना एकदम निम्मं करू नका. घरातली मंडळी तिसऱ्या दिवशी मिठाची डबी टेबलावर आणतात आणि वरून घातलेलं मीठ कोणी मोजत नाही. दर दोन आठवड्यांनी दहा-पंधरा टक्के कमी करा. जीभ दोन-तीन महिन्यांत जुळवून घेते आणि मग जुनं जेवण खारट लागायला लागतं. शिजवताना मीठ अर्धंच घालून उरलेलं गॅस बंद करण्याआधी घातलं तर तेवढ्याच मिठात चव जास्त लागते, कारण ते पृष्ठभागावर राहतं. लिंबू, व्हिनेगर, भाजलेला लसूण, मिरी यांनी अळणीपणा बराच झाकला जातो.

सैंधव, समुद्री, गुलाबी वगैरे प्रकार रक्तदाबासाठी सारखेच. सगळ्यांत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. जाड मिठाचा चमचा हलका भरतो एवढाच काय तो फरक, म्हणून चमच्याने नाही, काट्याने मोजा. मीठ आयोडीनयुक्तच ठेवा. आधीच कमी घालणार, त्यात आयोडीनही नसेल तर थायरॉइडची बाजू लंगडी पडते.

दोन छुपे स्रोत. खाण्याच्या सोड्याच्या एका सपाट चमच्यात सुमारे १२५० मिलिग्रॅम सोडियम असतं, त्यामुळे केक आणि बिस्किटं गोड लागली तरी सोडियममध्ये मागे नसतात. आणि पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्या. ५०० मिलिग्रॅमच्या फसफसत्या पॅरासिटामॉलच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकतं. डोकं वारंवार दुखत असेल तर साधी गोळी बरी.

एवढ्याने होतं काय? अमेरिकेत २००१ साली 'डॅश-सोडियम' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. ४१२ माणसांना संशोधकांनीच सगळं जेवण पुरवलं आणि वजन मुद्दाम स्थिर ठेवलं. फळं-भाज्या, कमी चरबीचं दूध-दही यांनी भरलेला डॅश आहार आणि सर्वात कमी सोडियम (सुमारे १५०० मिलिग्रॅम), विरुद्ध नेहमीचा आहार आणि भरपूर सोडियम (सुमारे ३३००). या दोन टोकांतला वरच्या रक्तदाबाचा फरक उच्च रक्तदाब असलेल्यांत ११.५ आणि नसलेल्यांत ७.१ अंक होता. तुम्ही या दोन गटांच्या मधोमध आहात. घरी एवढी शिस्त जमत नाही, म्हणून यापेक्षा कमीच धरून चला.

निम्मं_मीठ

वरचा प्रतिसाद चोख आहे. फक्त एक जोड : काही भागातलं सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं मीठ मिळतं, त्यावर चीनमध्ये मोठी चाचणी झाली आहे. ६०० खेडी, जवळपास २१ हजार माणसं, सरासरी पावणेपाच वर्षं. निम्म्या खेड्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. तिथे पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्के कमी आढळलं (२०२१). जीभ न दुखवता होणारा बदल म्हणून मला हा सगळ्यात व्यवहार्य वाटतो. एक सूचना : या मिठात पोटॅशियम जास्त असेल तर किंचित कडसर लागतं, मुख्यतः पातळ सूपमध्ये. शिजलेल्या मसालेदार पदार्थात कळत नाही.

रात्रपाळी

@निम्मं_मीठ, चाचणी खरी आहे, पण ती कोणाला लागू नाही हे त्याच श्वासात लिहायला हवं. त्या चाचणीत घरात कोणाला गंभीर मूत्रपिंडविकार असेल किंवा कोणी पोटॅशियम राखणारं लघवीचं औषध घेत असेल, तर त्या घरातली माणसं घेतलीच नव्हती. मूत्रपिंडं अशक्त असली की जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकलं जात नाही, रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. याची आधी लक्षणं दिसतीलच असं नाही.

रक्तदाबासाठीच दिली जाणारी काही औषधं (नाव 'प्रिल'ने किंवा 'सार्टन'ने संपणारी, शिवाय स्पायरोनोलॅक्टोन) पोटॅशियम वाढवतात. म्हणजे ज्याला हे मीठ घ्यावंसं वाटतं, नेमका तोच माणूस अनेकदा ती गोळीही घेत असतो. आणि मिठाची बरणी एकट्याची नसते. घरात मधुमेह असलेले वडीलधारे असतील तर त्यांचं क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडं कशी चालतात हे सांगणारे रक्ततपासणीचे आकडे) बघितल्याशिवाय घरातलं मीठ बदलू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत या मिठाची शिफारस केली, त्यातूनही मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं वगळली आहेत.

धागाकर्त्याचं क्रिएटिनिन नॉर्मल असेल आणि औषध नसेल, तर माझी हरकत नाही.

निम्मं_मीठ

मान्य. माझं वाक्य अर्धवट होतं.

कोंड्याचा_मांडा

साखरेकडे येतो. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व पट्टा, ६.५ पासून मधुमेह. ५.९ वर असताना आहाराचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा आहे. अमेरिकेची डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम ही चाचणी, २००२, ३२३४ माणसं. उद्दिष्टं दोनच : वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीच्या गटात ३१. तुमच्या ७८ किलोचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. रक्तातल्या साखरेसाठी सगळ्यात मोठा आकडा हाच आहे. कुठलं फळ चालेल आणि कुठलं नाही हा वाद त्यापुढे किरकोळ.

आता मापं. साखरेची मर्यादा 'मुक्त' साखरेला लागते. ती म्हणजे वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचा रससुद्धा. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, आणि ५ टक्क्यांवर, म्हणजे २५ ग्रॅमवर, आणलं तर आणखी चांगलं. मधाचं विचारलंत : शरीराच्या हिशेबात ती साखरच. चमचा जड भरतो म्हणून एका चमच्यात साखरेच्या चमच्यापेक्षा थोडी जास्तच साखर जाते.

पहिली कुऱ्हाड पेयांवर. ३३० मिलीच्या एका कोला कॅनमध्ये ३५ ग्रॅम साखर असते. तेवढ्या १४० कॅलरी पोटात जातात, पण पुढच्या जेवणात माणूस तेवढं कमी खात नाही. पातळ कॅलरींची पोट नोंद नीट ठेवत नाही. संत्र्याचा रस 'नैसर्गिक' असला तरी २०० मिलीत १७-१८ ग्रॅम साखर आणि चोथा जवळजवळ नाहीच. तेच आख्खं संत्रं खाल्लं तर १२-१३ ग्रॅम साखर, ३ ग्रॅम तंतू, आणि सोलून चावायला पाच मिनिटं. फळं सोडायची गरज नाही, पिणं सोडा.

दह्याच्या डब्यावर फसगत होते ती अशी. १५० ग्रॅमच्या फळांच्या दह्यावर 'एकूण साखर १९ ग्रॅम' लिहिलेलं असतं. पण साध्या दह्यातही दुधाची स्वतःची साखर १०० ग्रॅमला ५ च्या आसपास असते, म्हणजे इथे साधारण ७. उरलेली १२ बाहेरची, तीन चमचे. दुधाच्या कुठल्याही पदार्थाला ही वजाबाकी लावता येते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणून काही उत्पादक साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फळांच्या रसाचा अर्क अशी चार नावांनी वाटून टाकतात. मग पहिल्या क्रमांकावर ओट्स दिसतात आणि साखर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या जागी लपते. त्या सगळ्या जोडून वाचा.

साखर काढल्यावर तिच्या जागी काय येतं ते जास्त महत्त्वाचं. तिथे तंतू, म्हणजे फायबर, यायला हवेत. लक्ष्य दिवसाला किमान २५ ग्रॅम. दोन ताटं शेजारी ठेवून बघा :

पहिलं : पांढऱ्या ब्रेडच्या चार स्लाइस (३ ग्रॅम), शिजलेला पांढरा भात ३०० ग्रॅम (१), रसाचा पेला (अर्धा). पोट भरलं, तंतू साडेचार ग्रॅम.

दुसरं : ओट्स ७५ ग्रॅम कोरडे (७.५), शिजलेली मसूर १५० ग्रॅम (१२), भाज्या ३०० ग्रॅम (७-८), सालासकट एक सफरचंद (४). तीस ग्रॅमच्या वर.

एका कडधान्याच्या वाटीने किती काम केलं ते बघा. रोज एकदा कडधान्य ही एकच सवय लागली तरी तंतूंचा प्रश्न निम्मा सुटतो, वर १०० ग्रॅमला ९ ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर पोटॅशियम, सोडियम नावालाही नाही. डब्यातलं शिजवलेलं कडधान्य घेत असाल तर चाळणीत ओतून, पाणी गळू देऊन नळाखाली धुवा. सोडियम एक तृतीयांशाहून जास्त उतरतं.

आणखी एक छोटी युक्ती : एकाच ताटात भाजी आणि प्रथिनं आधी, भात किंवा ब्रेड शेवटी. पदार्थ तेच, पण जेवणानंतरची साखर कमी उसळते. अभ्यास लहान आहेत आणि थोड्या काळाचे, पण यात खर्च काहीच नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर उसळी आणखी बसते.

काठावर_४५

बरणी आणि दह्याची वजाबाकी, दोन्ही लिहून घेतलं. दोन उपप्रश्न. एकदम ५ वरून ३० ग्रॅम तंतूंवर गेलं तर पोट बिघडणार नाही का? आणि 'मल्टिग्रेन', 'ओट्स बिस्किट' वगैरे यात मोजायचे का?

कोंड्याचा_मांडा

बिघडेल. गॅस, फुगणं, आणि पाणी कमी पडलं तर उलट बद्धकोष्ठ. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय लागायला वेळ लागतो. आठवड्याला ५ ग्रॅम या बेताने वाढवा, म्हणजे पाच आठवडे. कडधान्यं ८ ते १२ तास भिजवून ते पाणी फेकून द्या. गॅस करणाऱ्या साखरेचा काही भाग त्याच पाण्याबरोबर जातो.

राजम्याची गोष्ट वेगळी आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं, मोजके चार-पाच दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. भिजवून, पाणी बदलून, खळखळत्या उकळीवर किमान १० मिनिटं, ३० केलीत तर उत्तम. प्रेशर कुकरला अडचण नाही. गडबड होते ती मंद आचेच्या विजेच्या भांड्यात. तिथे पाणी उकळीला पोचतच नाही, दाणा मऊ होतो पण विष तसंच राहतं.

'मल्टिग्रेन' म्हणजे अनेक धान्यं, अख्खी धान्यं नव्हेत. तीन मैदे एकत्र केले तरी ते मल्टिग्रेनच. कसोटी दोन : घटकांत पहिलं नाव 'अख्खा' किंवा 'होल'ने सुरू होतं का, आणि १०० ग्रॅमला तंतू ६ ग्रॅमच्या वर आहेत का. ओट्स बिस्किटात ओट्सआधी मैदा, साखर, तेल असेल तर ते बिस्किट आहे, ओट्स नव्हेत.

तुपाशी_नाहीतर_उपाशी

एलडीएल १४२ बद्दल.

'तेलकट कमी' हा सल्ला अर्धा बरोबर आहे. एकूण चरबी किती यापेक्षा कुठली चरबी काढली आणि तिच्या जागी काय आलं, यावर एलडीएल हलतं. संपृक्त चरबी (लोणी, चीज, नारळाचं तेल यांत जास्त असते ती) काढून तिथे सूर्यफूल, सोयाबीन, कॅनोला, ऑलिव्ह यांसारखं असंपृक्त तेल किंवा सुकामेवा आला तर हृदयाला फायदा. तिथे मैदा-साखर आली तर एलडीएल थोडं उतरतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) चढतात, पदरात काही पडत नाही. 'लो फॅट' बिस्किटांचा घोटाळा हाच आहे.

संपृक्त चरबीची हद्द १० टक्के. २००० कॅलरींवर २२ ग्रॅम. लोण्याच्या एका मोठ्या चमच्यात ७, घट्ट चीजच्या ४० ग्रॅम तुकड्यात ८. झाले १५. तेलांत संपृक्त भाग : नारळ ८० टक्क्यांच्या वर, पाम ५० च्या आसपास, ऑलिव्ह १४, सूर्यफूल ११, कॅनोला ७. पाम तेल तुम्ही घरी आणत नसाल, पण पाकिटातल्या क्रीमच्या बिस्किटांत आणि तळलेल्या नूडल्सच्या वडीत ते असतं. 'वनस्पती तेल' एवढंच लिहिलं असेल तर संपृक्त चरबीचा रकाना बघा, तो खरं सांगतो.

तेल बदललं म्हणून ओतायला मोकळीक नाही. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात, चांगल्या तेलातही तेवढ्याच. बाटलीतून थेट कढईत ओतणं बंद करा. आठवड्याचं तेल मोजून छोट्या बाटलीत काढा आणि ते आठवडाभर पुरवा. तळणीचं तेल धूर येईपर्यंत पुन्हा पुन्हा तापवू नका. काळपट, फेसाळ, चिकट झालं की टाकायचं.

बाटलीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं वाचून हुरळू नका. वनस्पतीत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, त्यामुळे नारळाचं तेलही कोलेस्टेरॉल फ्रीच. 'पार्शली हायड्रोजनेटेड' हे शब्द मात्र घटकांत दिसले तर पाकीट परत ठेवा. तिथेच ट्रान्स फॅट असतं आणि ते एलडीएल वाढवून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) घटवतं, दोन्हीकडून मार. काही देशांत एका सर्व्हिंगला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर 'शून्य' छापायची मुभा आहे, म्हणून आकड्यापेक्षा घटक वाचा.

एलडीएल खाली ओढणारे पदार्थही आहेत. ओट्स आणि बार्लीमधला बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू रोज ३ ग्रॅम गेला तर एलडीएल साधारण ५ टक्के उतरतं. तो आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. ३ ग्रॅमसाठी कोरडे ओट्स ७५ ग्रॅम लागतात. हा बऱ्यापैकी मोठा वाडगा आहे, २८० कॅलरींचा. तो नाश्त्याऐवजी, नाश्त्यावर नव्हे. आणि जाड ओट्स घ्या. पटकन होणारे बारीक ओट्स साखर लवकर चढवतात, तुमच्या ५.९ ला ते सोयीचं नाही. सुकामेवा ३० ग्रॅम, बिनमिठाचा, बिस्किटांच्या जागी.

ज्याकडे कोणी बघत नाही ती गोष्ट : कॉफी. उकळून न गाळलेली किंवा धातूच्या जाळीतून दाबलेली कॉफी रोज तीन-चार कप होत असेल, तर तिच्यातला कॅफेस्टॉल एलडीएल वाढवतो. कागदी फिल्टरमध्ये तो अडकतो. इन्स्टंट कॉफीत तो नगण्य असतो.

मिठाला_जागणारा

कॉफीचा मुद्दा लाखमोलाचा. पाकीटबंद अन्नाबद्दल एक भर. २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये २० माणसांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणून. वाढलेल्या जेवणातली साखर, चरबी, तंतू, सोडियम दोन्हीकडे जुळवून घेतलं होतं. तरी पाकीटबंद आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. वजन एका वेळी जवळपास एक किलो वाढलं, दुसऱ्या वेळी तेवढंच उतरलं. मऊ, कमी चावावं लागणारं अन्न भराभर जातं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. त्यामुळे फक्त लेबलचे आकडे साधून भागत नाही.

पट्टा_नीट_बांधा

किती दिवस, याचं उत्तर राहिलंय.

रक्तदाब सगळ्यात आधी हलतो. मीठ खरोखर कमी झालं तर दोन ते चार आठवड्यांत. एलडीएलला चार ते सहा आठवडे. एचबीएवनसीला तीन महिने, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि आकडा त्यांच्यावर चिकटलेल्या साखरेचा असतो. सहा आठवड्यांनी घाईने केली तर जुन्या पेशी जुनंच सांगतील. म्हणून क्रमही तसाच लावा : पहिले दोन आठवडे फक्त पेयं आणि बरणी, तिसऱ्या आठवड्यापासून रोज एक कडधान्य आणि ओट्स, पाचव्यापासून तेल आणि चीज. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी. मीठ कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात एखादा किलो उतरला तर तो बहुतांश पाण्याचा असतो, त्यावर खूश होऊन ढिलाई नको.

एक १३४/८६ म्हणजे रक्तदाब नव्हे, ती एक नोंद. सात दिवस मोजा. सकाळ-संध्याकाळ, आधी पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला, लघवी करून. अर्धा तास आधी चहा-कॉफी-सिगारेट नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढा. ती घरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर तीन महिने न थांबता डॉक्टरांना दाखवा. दंडाला छोटा होणारा पट्टा आकडा फुगवतो, शर्टाच्या बाहीवरून बांधलेला पट्टा चुकीचा आकडा देतो.

सगळं करूनही रक्तदाब जागचा हलत नसेल तर या तीन गोष्टी विचारा : आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं वारंवार घेतली जातात का, दारू किती होते, आणि ज्येष्ठमध पोटात जातं का. खोकल्याचा काढा, हर्बल चहा, घशाच्या गोळ्या, काळ्या चघळायच्या मिठाया यांत ते असतं. रोज घेतलं तर त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि रक्तदाब चढवतं. मिठाच्या बरणीत हे दिसत नाही.

एचबीएवनसीसोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या. लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी खोटा जास्त येतो, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर खोटा कमी. शंका आली तर उपाशीपोटीची साखर जोडीला ठेवा. आणि दोन्ही वेळच्या तपासण्या एकाच प्रयोगशाळेत करा, नाहीतर १४२ चे १३६ झाले ते ओट्समुळे की यंत्र बदलल्यामुळे, ते कळायचं नाही.

काठावर_४५

आज बरणीचं वजन घेतलं, झाकणासकट ९४० ग्रॅम. पट्ट्याची सात दिवसांची सरासरी आली की याच धाग्यावर टाकतो. क्रिएटिनिन जुन्या रिपोर्टात ०.९ आहे, पण तो दीड वर्षापूर्वीचा.

रात्रपाळी

मग मीठ बदलण्याआधी तेही नव्याने करून घ्या, फेरिटिनच्याच नमुन्यात होईल. वेगळी सुई लागणार नाही.